जिभेखालची तार

नर्सने हातमोजा चढवला आणि करंगळी अलगद बाळाच्या जिभेखाली घातली. सासूबाई दारातच थांबल्या. स्वतःच्या घरात त्यांना आजवर कुणी ‘आत या’ म्हणायची वेळ आली नव्हती.

बाळ नऊ दिवसांचं. पाजायला घेतलं की सून उशीचा कोपरा दातांत धरायची. छातीला भेगा पडून रक्त यायचं. “होईल सवय,” सासूबाई म्हणत. “मेणाची बाहुली आहेस का?” शेवटी सुनेने परस्पर फोन करून या कालच्या पोरीला बोलावलं.

“जीभ खाली चिकटलीय,” नर्स म्हणाली. “ही तार बघा. जीभ उचलतच नाही, मग हिरड्यांनी चावतो. वजनही उतरलंय. आजच डॉक्टरांना दाखवा, मी कळवते. घरात आणखी कुणाला होतं का असं?”

“आमच्या घरात कुणाच्या जिभेला अडसर नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“ते खरंय,” सून पुटपुटली. मग हळूच नर्सला विचारलं, “म्हणजे मला दूध कमी नाही?”

“भरपूर आहे. तुमचं काही चुकलेलं नाही.”

सुनेचा चेहरा असा उजळला की सासूबाईंना बघवेना. नऊ दिवस उशाशी बसल्या त्या, शेकलं त्यांनी, आणि पोरीने दोन वाक्यांत सुनेला खिशात घातलं.

“आम्ही नाही वाढवली पोरं? तारा-बिरा न बघता?”

“ह्यांना किती महिने पाजलंत, आई?” सुनेने सहज विचारलं.

सासूबाईंनी टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली. तिसऱ्या आठवड्यात घरात बाटली आली होती. थोरली जाऊ आपलं गुटगुटीत पोर मांडीवर थोपटत म्हणाली होती, “एकेकीला दूधच नसतं गं.” त्यानंतर बत्तीस वर्षं त्यांनी जावेपुढे आवाज खाली येऊ दिला नव्हता.

दुपारी दवाखान्यात तार कापली. बाळ जेमतेम रडलं. सुनेने तिथेच छातीशी धरलं, डोळे गच्च मिटले आणि मग उघडले.

“आई, खूप कमी दुखतंय.”

“बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या. तोंडात कडू आलं होतं. नऊच दिवसांत सुटली ही! सुनेचे खांदे सैल पडले होते, बाळाचा घोट ऐकू येत होता. त्या उठून बाहेर आल्या.

मुलगा कागद घेऊन बाकावर बसला होता.

“जीभ बाहेर काढ.”

“काय?”

“काढ म्हणते ना.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि काढली. जीभ ओठापर्यंतच आली. खालून तार ओढत असल्यासारखी टोकाला मधोमध खाच पडली.

सासूबाई बघत राहिल्या. त्यांचा हात त्याच्या हनुवटीकडे गेला, अर्ध्यावर थांबला.

“काय झालं, आई?”

“मला दूध होतं,” त्या म्हणाल्या.