दुसरं बटण

मिस्त्रीने मागची सीट उचलून बाजूला ठेवली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि एक काळी जाळी ओढून काढली. जाळीवर धुळीचा गालिचा बसला होता.

"ही मोठ्या बॅटरीची नाकपुडी, साहेब. इथून ती श्वास घेते. आणि तुम्ही तिच्यावर चादर घातलीत."

मागच्या सीटवर चादर होती खरी. कातडं खराब होऊ नये म्हणून. तीन वर्षांत तिथे कोणीच बसलं नव्हतं, त्यामुळे कातडं अगदी नव्यासारखं राहिलं होतं.

साहेबांनी जाळी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. ही सवय जुनी होती. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करण्यात त्यांची नोकरी गेली. बिल समोर आलं, की गाडीच्या वयाप्रमाणे त्यातून घसारा कापायचा आणि उरेल ते मंजूर करायचं. गॅरेजांमधून त्यांना पाठीमागे 'घसारासाहेब' म्हणत. निवृत्त झाल्यावर तोंडावर म्हणू लागले.

"साफ करून भागेल?"

"भागलं असतं. दोन वर्षांपूर्वी." मिस्त्रीने गाडीला जोडलेल्या तपासणी यंत्राचा छोटा पडदा त्यांच्याकडे वळवला. "मोठी बॅटरी तुकड्यातुकड्यांची असते, त्यातले चार गेलेत. डिकीतली छोटी बॅटरी, तिच्यात नुसती धुगधुगी आहे. ब्रेकचा पंप कुरकुरतोय. तो गेला तर मात्र मला फोन करू नका, जवळच्या माणसांना करा."

"पण गाडी फारशी चाललीच नाही."

"म्हणून तर. ही चालवून नाही मेली, साहेब. उभी राहून मेली."

साहेबांनी जाळी खाली ठेवली.

"नवी मोठी बॅटरी टाकली, तर गाडीच्या निम्मी किंमत. गेलेले तुकडे तेवढे बदलले तर स्वस्तात होईल, पण पुढचा कधी जाईल ते मी सांगणार नाही. माझं ऐकाल तर कोणाच्या तरी गळ्यात मारा. माझं गिऱ्हाईक जाईल, तरी सांगतोय."

गाडी मुळातच कोणाच्या तरी गळ्यातून साहेबांच्या गळ्यात आलेली होती. निवृत्तीच्या वर्षी एका बिल्डरकडून त्यांनी ती घेतली, तेव्हा बायको म्हणाली होती, "पेट्रोलवर पण आणि विजेवर पण? म्हणजे दोन्हीकडून बिघडणार." मग तिनेच ती जास्त चालवली. ड्रायव्हरच्या दारावर सीटची बटणं होती. पहिलं बटण दाबलं की सीट साहेबांच्या मापाची होई, दुसरं दाबलं की तिच्या.

पुढे बायको मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने गेली. नात आता शाळेत जाऊ लागली होती आणि दोन महिने अजून संपायचे होते. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं, तर मिटवायला तरी जाता आलं असतं.

"एक कळत नाही," डिकीत वाकलेला मिस्त्री म्हणाला. "छोटी बॅटरी इतकी कशी उतरते? गाडी बंद ठेवून काही लावून बसता का? रेडिओ वगैरे?"

"नाही," साहेब म्हणाले.

रेडिओ ते खरंच लावत नसत. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये येऊन ते ड्रायव्हरचं दार उघडत आणि दुसरं बटण दाबत. सीट बारीक घुं आवाज करत पुढे येई, थोडी वर चढे. स्टिअरिंग खाली झुके, आरसे वळत. मग साहेब दार लावून गाडीला वळसा घालत आणि शेजारच्या सीटवर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत. भिंतीवर शेजाऱ्यांची सायकल टांगलेली होती. थोड्या वेळाने उतरून पहिलं बटण दाबत आणि वर जाऊन जेवण गरम करत.

"छोटी बॅटरी आत्ताच काढतो," मिस्त्री म्हणाला. "ती सोडली की ही गाडी सगळं विसरते. घड्याळ, सीटची बटणं, सगळं. काळजी नको. वहिनींना एकदा बसवा, सीट हवी तशी करा, बटण दाबून धरा. दोन मिनिटांचं काम."

"हं," साहेब म्हणाले. "दोन मिनिटांचं."

मिस्त्रीने पाना लावला.

"थांबा."

साहेबांनी पुढे जाऊन दुसरं बटण दाबलं. सीट कण्हत कण्हत पुढे आली. मग त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली. निवृत्तीनंतर घड्याळ सुटलं होतं, मोजपट्टी सुटली नव्हती.

"हे टोक ब्रेकच्या पेडलला धरा."

"काय नुकसान झालंय?"

"नुकसान नाही. पाहणी."

पेडलपासून सीटच्या कडेपर्यंत. तळापासून सीटची उंची. पाठीचा कल, स्टिअरिंगपासून. साहेब आकडे सांगत गेले आणि मिस्त्रीने ते खडूने भिंतीवर लिहिले. इतक्या वर्षांत घसारासाहेबांनी एकही आकडा न कापता मंजूर केल्याचं तो पहिल्यांदाच पाहत होता. तो यावर काहीतरी फर्मास बोलणार होता. पण साहेब भिंतीजवळ उभे राहून आकडे पाठ करत होते. त्याने हात पुसले आणि पुन्हा डिकीत डोकं घातलं.

"तुकडेच बदला. आणि ब्रेकचा पंप," साहेब म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने गाडी स्वतः घरी आणून सोडली. साहेबांनी मोजपट्टी घेऊन सीट केसभर पुढे, केसभर मागे केली आणि दुसरं बटण दाबून धरलं. गाडीने टुंग केलं. आठवण बसली. मागची चादर काढून त्यांनी घडी घातली. मग शेजारच्या सीटवर बसून बायकोला फोन लावला. एरवी रविवारी तिचाच फोन यायचा. आज बुधवार होता.

"अहो, काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे. गाडी दुरुस्त झाली."

"किती खाल्ले तिने?"

"खाल्ले."

"विका म्हणून मी केव्हाची सांगतेय. इथे मी जावईबापूंची चालवते. पिल्लूला शाळेत सोडायला. डबडं आहे, पण बिचारं कुरकुरत नाही."

"सीट पुढे येते का तिची? तुला लागते तेवढी?"

"आता मागे घेते मी. पाठ धरायला लागली होती. इथल्या डॉक्टर म्हणाल्या, स्टिअरिंगला मिठी मारून बसू नका. झालं की वर्ष त्याला."

साहेबांनी शेजारी पाहिलं. रिकामी सीट मापात होती. कुठेही चूक नव्हती.

"किती मागे?"

"काय किती?"

"सीट. किती मागे घेतेस?"

"मला काय माहीत? घेते मागे. तुम्हाला काय करायचंय?"

"मोजून सांगशील?"

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा खण.

"मोजपट्टी नाहीये इथे," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "तुमच्या खिशात असेल ना?"

साहेबांनी खिशावर हात ठेवला. उतरले. गाडीला वळसा घालून पलीकडे आले आणि पहिलं बटण दाबलं. काहीच हललं नाही. स्वतःची सीट लावायची राहूनच गेली होती.

ते तसेच आत शिरले, गुडघे स्टिअरिंगला टेकवून, छातीवर हनुवटी आणून. बटण दाबून गाडी सुरू केली. ती विजेवरच सुरू झाली; नेहमीप्रमाणे तिचा काहीच आवाज झाला नाही.

"अहो, आहात ना?" फोनमधून ती म्हणाली.