पडवीवरचा टायर

मी टायर बोलतोय. नाक मुरडू नका, तुमच्यापेक्षा जास्त रस्ता पाहिलाय मी. हापूसच्या पेट्यांचा टेम्पो सहा वर्षं रत्नागिरीहून वाशीला नेला. झिजून गुळगुळीत झालो, तेव्हा या घरच्या म्हाताऱ्याने, धाकूने, मला फुकटात उचललं आणि पडवीवरचं प्लास्टिक उडू नये म्हणून छपरावर टाकलं. फुकटची वस्तू कधी टाकायची नाही, हा या घराचा धर्म.

पावसाने माझं पोट भरलं. त्यात डासांनी अंडी घातली. पायांवर पांढरे पट्टे असलेले, दिवसा चावणारे डास. आरोग्य केंद्राची गावातली आशाताई राजश्री तीनदा सांगायला आली.

"काका, तेवढा टायर खाली काढा. पाणी साचलंय त्यात. डेंगी होतो त्याने."

"अगो बाय, तो वर हाय म्हणून प्लास्टिक हाय. भात भिजला तर तू येणार हायस काय वाळवायला?"

संध्याकाळी मात्र न चुकता नारळाच्या सोडणांचा धूर, रात्री मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचलेली. दिवसभर चावून घ्यायचं आणि रात्री किल्ला लढवायचा. असली अक्कल मी अख्ख्या मुंबई-गोवा महामार्गावर पाहिली नव्हती.

नवरात्रात धाकूची नऊ वर्षांची नात सानिका तापली. डोळ्यांमागे ठणका, अंगावर लाल पुरळ.

"गणपतीला आले त्या मुंबैवाल्यांनी आणलानी ह्यो ताप," आजी मथुरा म्हणाली, आणि धाकूने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. पाचव्या दिवशी पोरीच्या हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा कुठे गाडीसाठी पळापळ सुरू झाली. या माणसांची मला कीव येत नाही, चीड येते. पोरीचं मात्र वाईट वाटलं.

आठ दिवसांनी ती घरी आली, नुसती हाडं उरलेली. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा डेंगी झाला तर याहून जड जाईल. धाकूने मान डोलावली, घरी येऊन देवाला नारळ दिला आणि भात झोडायला गेला. वर एकदा पाहिलंसुद्धा नाही.

मला आपणहून घरंगळता आलं असतं, तर तुमच्यासारख्यांच्या तोंडी कशाला लागलो असतो?

आत्ता भर दुपार आहे. मोकळी हवा लागावी म्हणून मथुराने सानिकाला पडवीत निजवलंय, माझ्या बरोब्बर खाली. माझ्या पाण्यातले नवे डास उडायला लागलेत. कोणीतरी शिडी घेऊन या.