कालिवारूची रंगीत तालीम

डोंगराने राख ओकली, ती पुन्हा ओकेल, म्हणून सरकारने जावातलं कालिवारू गाव कायमचं बंद केलं आणि सगळ्यांना खाली नव्या वसाहतीत घरं दिली. घरं पक्की, एकसारखी आणि चुलीला जागा नसलेली. जुन्या गावात पाऊल टाकायला बंदी. अपवाद एकच: वर्षातून एकदा राष्ट्रीय आपत्ती संस्था तिथे सुटकेची रंगीत तालीम घेई. आणि सुटका करायची तर आधी माणसं संकटात हवीत.

त्यामुळे संकटात सापडायला वसाहतीत चढाओढ लागे. गावप्रमुखाच्या बायकोकडे केळी पोचवून पोचवून साकिनेमआजींचा यंदा कसाबसा नंबर लागला.

आजींना वर जायचं होतं ते भातासाठी. राख आली त्या दिवशी नवरा, कार्तो, गाय सोडायला गोठ्याकडे गेला होता, चुलीवर भात रटरटत होता, आणि संस्थेच्या जवानाने आजींना पाठुंगळी घेऊन खाली आणलं. कार्तो काही आला नाही. त्याच्याबद्दल आजी फारसं बोलत नसत. भाताबद्दल बोलत. अर्धाकच्चा राहिला, म्हणत. जेवायला हाक मारायची राहून गेली.

तालमीचे साहेब सिहोम्बिंग सुमात्राकडचे. भोंगा वाजला की सगळं टाकून खाली गाड्यांकडे पळायचं, असं त्यांनी बजावलं. सगळे अदबीने ‘हो साहेब’ म्हणाले. जावातला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. हो म्हणतो आणि मग मनात असेल ते करतो. हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

भोंगा वाजला. गाड्या वाट बघत राहिल्या. दार्मोयोकाका छप्पर नसलेल्या घराचं अंगण झाडत होते, ते झाडतच राहिले. एक सून सासूला आपली न्हाणी कुठे होती ते दाखवत होती. साहेब दारोदार फिरले, जिथे दार होतं तिथे. एका स्वयंपाकघरातून धूर येत होता.

“आजी, भोंगा ऐकला नाहीत?”

“ऐकला की. यंदा चांगला वाजतो.”

“मग चला.”

“हो साहेब,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी चुलीत लाकूड सारलं.

डोंगरावरून उतरणारा तापल्या राखेचा ढग कुणासाठी थांबत नाही, हे साहेबांनी समजावून सांगितलं. आजींना ते पटलं. त्यांच्याइतकं ते कुणाला पटणार.

“भात तेवढा होऊ दे,” त्या म्हणाल्या. “मागच्या वेळी तुमच्या पोराने ऐकलं नाही. गुणी होता, पण ऐकलं नाही.”

साहेबांच्या कमरेचा वायरलेस कुठवर आलात म्हणून विचारत होता. साहेबांनी तो बंद केला आणि ते पाटावर बसले.

भात झाला. आजींनी दोन ताटं वाढली, वर नारळाच्या दुधातली भाजी. मग मागच्या दारात जाऊन, गोठा होता तिकडे तोंड करून, रोजच्या आवाजात म्हणाल्या, “अहो, जेवायला या.”

थोडा वेळ तिथेच थांबल्या. आत येऊन एका ताटावर केळीचं पान झाकलं, दुसरं साहेबांपुढे सरकवलं. साहेब जेवले. आजींनी चुलीवर पाणी ओतलं, पदर सावरला.

“चला,” त्या म्हणाल्या, “आता वाचवा मला.”

संस्थेने विचार केला. लोकांचा सहभाग उत्तम, वेग शोचनीय. पुढच्या वर्षीपासून तालीम खाली, वसाहतीच्या फुटबॉल मैदानावर ठेवली. चुन्याने घरांचे चौकोन आखले. साकिनेमआजींना शेवटून दुसरा मिळाला. त्यात उभं राहून त्यांनी चारही बाजूंना पाहिलं.

भोंगा वाजताच त्या सगळ्यांच्या आधी बाहेर आल्या. संस्थेने त्यांना छत्री बक्षीस दिली. टाळ्या संपल्या तरी आजी तिथेच होत्या, मिटलेली छत्री हातात धरून, डोंगरावरचा ढग हलतोय का बघत.