बादलीतलं बीट

आमच्या बुढ्याले बसून खायाची सवय नाई. पाय थकले म्हनून आमच्या गावचं, बेल्याचं वावर पुतन्याच्या, हनमंताच्या हवाली केलं आन् आमी दोघं आदिलाबादले पोराकडं राहाले आलो. तवापासून त्याच्या हाताले चैन नाई. नळ खोलून ठेव, खुर्चीचा पाय ठोक. मी म्हनो, "अवो, गप बसा ना एका जागी!" ऐकन तं शपथ.

त्यातच आमच्या सुनेले, वनमालाले, दिवस गेले. डॉक्टरीनबाई म्हने, रगत कमी हाय, बीट खाऊ घाला. झालं! बुढ्यानं रंगाच्या रिकाम्या बादल्या जमा केल्या, तापल्या सळीनं बुडाले भोकं पाडले, माती आन् शेनखत भरलं, गच्चीवर बीट लावलं.

खरं दुखनं येगळंच होतं. जिल्ह्याचे तुकडे होनार अशी बोलवा होती. आमचा पोरगा चिंतामनी हापिसात कारकून. त्याची बदली नव्या मंचेरियल जिल्ह्यात होईन असं समदे म्हनत. तो आपल्याले संगं नेईन का बेल्याले धाडीन, हेच बुढ्याले खात होतं.

"बयना," एक दिवस मले म्हनला, "बीट चांगलं आलं ना, तं पोरगा म्हनन, बाबा कामाचे हायत. नेईन संगं."

"अवो, बाप हाय तुमी त्याचे, सालानं ठेवलेला सालदार नाई!" मी तडकली.

"तुले नाई समजत."

जलमभर कापसाची पऱ्हाटी केलेला मानूस. पान जरा पिवळं दिसलं का टाक मूठभर युरिया. बापा बापा, काय पाला आला! हातभर पानं, लाल लाल शिरा. शेजारची राहीबाई म्हने, "डोमाजीभाऊ, गच्चीवर जंगल केलं तुमी." बुढा फुगून टुम्म! वनमाला म्हने एखादं उपटून पाहू, तं हात लावू देईना. "सीतादहीची पूजा केल्याबिगर पऱ्हाटीचा पयला येचा करते का कोनी? दहीभात ठेवू, मंग तुह्याच हातानं उपटजो, माय."

दसऱ्याले जिल्हा फुटला. चिंतामनीचा हुकूम आला. सामानाचा टेम्पो दारात उभा झाला त्या सकाळी बुढ्यानं बादल्यांपुढं दहीभात ठेवला, हळदकुंकू वाह्यलं आन् सुनेले हाक मारली. चिंतामनीबी वर आला, गाठोड्याची दोरी हातात घेऊन.

वनमालानं पयलं उपटलं. खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. दुसरं उपटलं, तेच. बुढा खाली बसला आन् एकेक बादली सोताच उपसू लागला. लिंबाएवढंबी बीट निघालं नाई. समदा जोर पाल्यात गेला होता.

"मामाजी, पाल्याची भाजीबी चांगली होते," वनमाला म्हनली. गुनाची पोर, तिचे डोळे भरले होते.

बुढ्यानं तिच्याकडं पाह्यलंच नाई. मातीचे हात तसेच ठेवून पोराले म्हनला, "चिंतामन, आमाले बेल्याले सोडून दे बाप्पा. माहा आता काई उपेग नाई."

मी पोराच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. 'असं काऊन बोलता बाबा, चला,' एवढंच पाह्यजे होतं. मंग नसतं नेलं तरी मी काई म्हनली नसती.

चिंतामनीनं दोरीची गाठ सोडली, पुन्हा मारली. "तिथं खोली एकच हाय, बाबा. हनमंतदादाले म्या कालच फोन केला. संध्याकाळी तो येईन बेल्याच्या स्टँडवर, तुमाले घ्याले."

कालच! म्हंजे बीट उपटाच्या आंधीच. बुढ्याच्या कानावरून तो शब्द तसाच गेला. तो बादलीतली माती चाचपून राह्यला होता.

बेल्याच्या बशीत तो खिडकीशी बसला. मंग म्हनला, "युरिया जास्त झाला, बयना. नाई तं नेलं असतं पोरानं."

जलमभर मी या मानसाचा एक शब्द मुकाट्यानं ऐकला नाई, दर बोलाले उलटून बोलली. त्या दिवशी त्याच्या हाताची माती पदरानं पुसली आन् म्हनली, "हो. युरियाच जास्त झाला."