लंकाबाईंनी वाहिलेल्या अक्षता

कारभारींच्या गौळणीच्या चालीचं कौतुक ऐकल्याशिवाय मखमलाबादच्या त्या मळ्यात पाहुण्याच्या हातात चहा पडत नसे. कारभारी, म्हणजे नवरा, जाऊन वर्षं लोटली, तरी लंकाबाईंचा तोरा तसूभरही कमी झाला नव्हता. आज मात्र घोडं पेंड खात होतं. संध्याकाळी पंचवटीत भजनस्पर्धा, नात आरोही आजोबांची गौळण म्हणणार, आणि ध्रुपद सगळ्यांना पाठ असलं तरी अंतऱ्याची चाल कुणालाच आठवेना. खुद्द लंकाबाईंनाही नाही. ती आता फक्त कारभारींच्या कार्यक्रमाच्या एका सीडीत उरली होती, आणि मुलाच्या, सोमनाथच्या, जुन्या लॅपटॉपला ती सीडी काही केल्या दिसत नव्हती.

सोमनाथ फुलं घेऊन बाजारात गेलेला. शेवटी सून प्रतिभाच पदर खोचून बसली. बरंच धुंडाळल्यावर म्हणाली, "आत्याबाई, ड्राइव्ह बिघडला नाय. तुमच्या लेकानं सेटिंगमधून बंद करून ठेवलाय."

तिनं तो चालू केला, तर आतून करकर सुरू झाली, जात्यात खडा आल्यासारखी. तिनं बटण दाबून कप्पा बाहेर काढला. त्याच्या कडेला कुंकू माखलेलं होतं.

"दसऱ्याला ह्याची पूजा केली व्हती?"

"म्हंजे काय? विळा पुजला, काटा पुजला, ह्यालाच उपाशी ठेवू? बटण दाबलं तर तबकच पुढं आलं. वाहिल्या अक्षता!"

अक्षता आत गेल्या, यंत्र कुरकुरलं, आणि सोमनाथनं कारण न शोधता ते बंदच करून टाकलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय! पण लंकाबाईंना हसू येईना. आपल्याच हातानं आपण नवऱ्याचा आवाज घालवला, असंच त्यांच्या मनानं घेतलं. प्रतिभा लॅपटॉप बंद करून स्क्रू काढू लागली, तेव्हा त्यांनी हात जोडले, ते देवाला नव्हे, सुनेला.

प्रतिभानं ड्राइव्ह उलटा करून तांदूळ झटकले, आतलं भिंग कापसानं हलकेच पुसलं आणि सगळं परत जोडून सीडी घातली. ती गरगरली. मग कारभारी खाकरले.

लंकाबाईंनी ती सीडी कधी ऐकलीच नव्हती. गाणारा माणूस घरात असताना सीडी कोण लावतं? आणि तो गेल्यावर त्यांना धीर झाला नाही.

"मंडळी," कारभारी म्हणत होते, "चाल माझी, चाल माझी म्हनत्यात समदे. खोटं हाय. आमची लंका झेंडू तोडताना गुणगुणती, तिची चाल हाय ही. म्या निस्ते शब्द बसवले. तिला सांगू नका, लय चढंल!"

प्रतिभा हसता हसता थांबली. सासूबाई रडत होत्या. पण गौळण सुरू झाली, आणि लॅपटॉप अंतऱ्यावर पोचायच्या आत लंकाबाईंच्या गळ्यातून तो बाहेर पडला, सबंध, एकही सूर न सांडता. कारभारी गेल्यापासून त्या गुणगुणल्याच नव्हत्या, मग अंतरा आठवणार कसा?

संध्याकाळी पंचवटीत आरोहीनं माईक हातात घेतला. "गौळण माझ्या आजोबांची," ती म्हणाली, "आणि चाल आजीची, लंकाबाईंची."

लंकाबाईंनी शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसलं.

"ऐकलं का? लंकाबाई म्हंजे मीच."