एका पडलेल्या हेल्मेटची कबुली

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. रंगाने पांढरे, कपाळावर हिरवी पट्टी, आणि दिसायला अजून धडधाकट. दिसण्यावर जाऊ नका, एवढे सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडले आहे. एरवी आपलीच लाज चव्हाट्यावर मांडायची हौस कोणाला असते?

मला एल्डन स्वोबोदांनी निवडले. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका गावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे मुलांना लेथ आणि वेल्डिंग शिकवले होते. निवृत्त झाल्यावर त्यांना गाडी पळवण्याचे वेड लागले. जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर नारिंगी शंकू मांडायचे आणि एकेकाने त्यांच्यामधून गाडी वळवत न्यायची, कोणाला किती सेकंद लागले ते पाहायचे, असा तो रविवारचा खेळ. त्यासाठी हेल्मेट हवे म्हणून त्यांनी दुकानात अकरा हेल्मेटे डोक्यावर चढवली आणि दुकानदाराला घाम फोडला. आधी त्यांनी माझ्या अस्तराखालचा शिक्का पाहिला. मोटारशर्यतीच्या परीक्षेत पास झालेलेच त्यांना हवे होते, कारण मोटरसायकलच्या हेल्मेटचे अस्तर आगीत टिकेलच असे नाही. मग मला घालून त्यांनी मान जोरात हलवली.

"हेल्मेटाबरोबर गालही हलले पाहिजेत," ते दुकानदाराला म्हणाले. "नुसतं हेल्मेट हललं, तर ती टोपी झाली."

त्यांचे डोके लांबट होते आणि माझी आतली घडणही लांबट. आमचे जमले. माझ्या कठीण कवचाच्या आत थर्माकोलचा जाड थर आहे. मार बसला की तो स्वतः चेपतो आणि डोके वाचवतो. पण एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. एक जबर मार खाल्ला की आमचे काम संपले.

पुढे एल्डन या खेळाच्या क्लबचे तपासनीस झाले. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची हेल्मेटे त्यांच्या टेबलावर यायची आणि त्यांनी स्टिकर लावल्याशिवाय कोणाला गाडीत बसता येत नसे. एका वर्षी त्यांचा जुना विद्यार्थी वेंडेल रांगेतून पुढे आला.

"सर, काल हे माळ्यावरून खाली पडलं. वरून काही दिसत नाही म्हणा. चालेल ना?"

एल्डननी कात्री उचलली आणि सगळ्यांदेखत त्याच्या हेल्मेटचा पट्टा कापून टाकला. पुन्हा कोणी चुकून घालू नये म्हणून पडलेले हेल्मेट असेच बाद करतात.

"अहो सर! गप्प बसलो असतो तर स्टिकर मिळालं असतं की!"

"मिळालं असतं, आणि डोकं गेलं असतं. तुझ्या डोक्यात तसं फार काही नाही, पण आहे तेवढं तरी सांभाळ!"

सगळे खो खो हसले. वेंडेल म्हणाला, "मग आज काय पातेलं घालू?"

"माझं घाल. तुझी पाळी सकाळची, माझी दुपारची."

वेंडेलचेही डोके लांबटच होते, त्यामुळे मी त्याला नीट बसलो. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. तेव्हा मी धड होतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात हंगामाचा शेवटचा दिवस होता. खेळ संपला, सगळ्यांनी मिळून चिली, म्हणजे तिकडची राजमा-मांसाची तिखट उसळ, आणि दालचिनीचे रोल खाल्ले, गप्पा रंगल्या. जाताना एल्डननी मला गाडीच्या टपावर ठेवले, म्हणजे विसरायला नको! आणि विसरून गाडी सुरू केली. मोठ्या रस्त्याच्या वळणावर मी उडालो आणि काँक्रीटच्या खांबावर आपटलो.

ते परत आले, मला उचलून घरी घेऊन गेले. गॅरेजमध्ये अस्तर काढून त्यांनी आत पाहिले. थर्माकोलला बोटभर चीर गेली होती. अंगठ्याने दाबले तर तो भाग आत गेला. मग त्यांनी अस्तर परत बसवले आणि बाहेरचा ओरखडा पॉलिशने घासून घालवला. ज्याने चारचौघांत दुसऱ्याचा पट्टा कापला, त्याने आपला विसरभोळेपणा कोणत्या तोंडाने सांगायचा? "डोकं माझंच आहे ना," असे ते पुटपुटले.

पण डोके त्यांचे एकट्याचे नव्हते. वसंतात वेंडेलने मला पुन्हा मागितले आणि नाही म्हणायला एल्डनना कारण सापडेना. त्यांनी स्वतःच स्टिकर लावून मला दिले. मला घालून वेंडेल सुसाट सुटायचा, तेव्हा एल्डन वेळ किती लागला ते बघत नसत. गाडी थांबेपर्यंत ते जागचे हलत नसत. पुढच्या वर्षीही तेच झाले. मग वेंडेलने स्वतःचे हेल्मेट घेतले आणि आम्ही दोघांनी सुस्कारा सोडला.

या वर्षी त्यांची नात टेसा हा खेळ शिकायला आली. महिन्याभरात तिला खऱ्या ट्रॅकवर जायचे होते. तिथे कडेला शंकू नसतात, भिंती असतात. एल्डन तिला तीन दुकानांत घेऊन गेले, पण कुठलेच हेल्मेट तिला बसेना. एक कपाळाला टोचायचे, दुसरे कानांवर डुगडुगायचे. घरी येऊन तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावरून सहज मला उचलून घातले आणि मान हलवली.

"आजोबा! गाल हलतायत बघा! आपल्या घराण्याचं डोकं आहे, दुकानात कुठून मिळणार? मी हेच घेते."

एल्डनच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. "जुनं आहे गं ते," ते म्हणाले.

"तुम्हीपण जुनेच आहात. चालताय ना अजून?"

ते हसले आणि कप घेऊन सिंककडे वळले.

रविवारी टेसाने मला तपासणीच्या टेबलावर ठेवले. रांगेत मागे वेंडेल होता.

"सर, त्यावर डोळे मिटून लावा स्टिकर," तो म्हणाला. "दोन हंगाम घातलंय मी. माझी गॅरंटी!"

एल्डननी स्टिकर सोलले होते. ते त्यांच्या बोटाला चिकटून राहिले. मग त्यांनी माझे अस्तर ओढून काढले आणि ती चीर सगळ्यांना दाखवली.

"हे पडलेलं आहे. तीन वर्षं झाली. मला माहीत होतं."

त्यांनी माझा पट्टा कापला. टेसा पांढरीफटक पडली. "आणि मी घातलं तेव्हा तुम्ही हसलात, आजोबा?"

वेंडेलने बोटांवर वर्षे मोजली. "म्हणजे माझं कापलंत, त्याच वर्षी?"

"त्याच वर्षी."

"आणि तरी मला दिलंत."

"दिलं."

"जाऊ द्या, सर. झालं तर नाही ना काही."

"नाही झालं, यात माझं काय कौतुक?" एल्डन म्हणाले, आणि त्यांनी तपासनिसाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

मग वेंडेलने आपले हेल्मेट टेसाच्या हातात दिले.

"हे घाल तू. हे पडलेलं नाही. पडलं असतं, तर मी सांगितलं असतं."

एल्डननी मान खाली घातली. त्यांच्याकडे कोणी रागाने पाहिले नाही, आणि तेच त्यांना सोसवत नव्हते.

मित्रांनो, हेल्मेट निवडताना रंग शेवटी पाहा. शिक्का पाहा, माप पाहा, आणि ते कधी पडले होते का, हे नक्की विचारा. तुम्हाला कोणी विचारले, तर लाज गिळून खरे सांगा. मला तर बोलता येत नव्हते, असे म्हणून मी सुटू शकतो. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात, त्या पोरीने मला डोक्यावर चढवले तेव्हा, मला वाचा असती तरी मी माझ्या चिरेबद्दल बोललो नसतो. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला निवडले होते. मी एवढेच म्हणालो असतो, "घे मला."