एकाच बोटाला ओळखणारा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक लॅपटॉप आहे आणि मुळीच जुना नाही. इतका कोरा आहे की माझ्या झाकणाच्या कोपऱ्यात अजून प्लास्टिकचा कागद चिकटलेला आहे. आत्मवृत्त म्हाताऱ्यांनीच सांगावं असा काही नियम नाही ना? मला तर सांगण्याची इतकी घाई झाली आहे की धीर धरवत नाही.

ऑफिसकामाच्या लॅपटॉपांच्या नव्या पिढीत माझा जन्म झाला. माझ्यात सिमकार्ड बसतं, त्यामुळे वायफाय नसलं तरी माझं अडत नाही. बॅटरी दिवसभर पुरते. कीबोर्डवर पाणी सांडलंच, तर ते खालच्या बारीक भोकांतून निघून जातं. कॅमेऱ्याला सरकतं झाकण आहे. हां, बंधनंही आहेत! माझी मेमरी नंतर वाढवता येत नाही. पेनड्राइव्हला मी उभाच करत नाही. आणि चालू करायचं जे गोल बटण आहे, त्यावर नोंदलेलं बोट टेकलं तरच मी उघडतो. सलग पाच वेळा बोट चुकलं की मी कुलूपबंद. मग नाशिकहून तंत्रज्ञ महेश आल्याशिवाय सुटका नाही. खरं सांगतो, या कडकपणाचा मला भारी तोरा होता.

वणीजवळ शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या द्राक्ष कंपनीत माझी नेमणूक झाली. निर्यातीचं कागदकाम सांभाळणाऱ्या तेजस्विनीचं बोट मी नोंदवून घेतलं. आठ दिवसांत तिने प्रत्येक बागेचे फोटो आणि प्रयोगशाळेचे अहवाल माझ्यात भरले. कारणही तसंच होतं. आजवर इथली द्राक्षं दुसऱ्यांच्या नावाने परदेशी जात होती. बुधवारी सकाळी अकराला एका परदेशी खरेदीदार बाईंशी मीटिंग होती. ती जमली तर खोक्यावर पहिल्यांदा या कंपनीचं स्वतःचं नाव लागणार होतं.

त्या सकाळी दहा वाजता, जिथे द्राक्षं निवडून खोक्यांत भरतात त्या पॅकहाउसमधल्या बायकांच्या मुकादम सिंधुबाई पूजेचं ताट घेऊन आल्या.

"नवी वस्तू आली अन् पूजा नाय? आसं कुठं आस्तं का!"

नारळ फुटला. पाणी माझ्या कीबोर्डवर उडालं आणि मी ते ऐटीत खाली सोडून दिलं. मग कुंकू लावायला सिंधुबाई माझं कपाळ शोधू लागल्या. वरच्या बाजूचं गोल बटण त्यांना अगदी तसंच दिसलं. त्यांनी त्यावर ओल्या हळदीकुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट टेकवलं. मित्रांनो, माझा इतका मान कोणी केला नव्हता. मी हरखून गेलो.

पावणेअकराला तेजस्विनीने बटणावर बोट ठेवलं. मला काहीच दिसेना! मी नकार दिला. तिने दुसऱ्यांदा ठेवलं, पुसून तिसऱ्यांदा ठेवलं. पुसल्याने वाळलेलं कुंकू आणखीच कडेच्या फटीत बसलं.

"मी पाहू का जरा?" म्हणत कंपनीचे अध्यक्ष वाल्मीकअण्णा यांनी आपलाच अंगठा दाबला. चौथी संधी गेली.

"अण्णा, तुमचा अंगठा कसा चालेल? आता एकदाच उरलंय!" तेजस्विनीचा आवाज रडवेला झाला.

"मोबाइलवरून बोल की मग."

"बोलेन, पण दाखवू काय? अहवाल सगळे यातच आहेत. पेनड्राइव्हवर घेऊ देत नाही हा."

तेव्हा मला माझ्या तोऱ्याची लाज वाटली. मला उघडायचं होतं हो! पण ओळख पटल्याशिवाय उघडणं माझ्या हातात नव्हतं.

सिंधुबाईंचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळंच झालं. सरका, मीच काढते," त्या म्हणाल्या. त्यांनी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, किंचित ओला केला आणि घडातला कुजका मणी काढावा तसं, शेजारच्या कशाला धक्का न लावता, फटीतलं कुंकू टिपून घेतलं. मग कोरड्या कापसाने बटण पुसलं. अकराला दोन मिनिटं होती. तेजस्विनीने हात धुतले, पदराला पुसले आणि बोट टेकवलं.

ओळखलं! मी इतक्या झटकन उघडलो की अण्णांनी टाळी वाजवली.

मीटिंग रंगली. अहवाल पाहून झाल्यावर त्या बाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता पॅकहाउस दाखवाल का? तिथे वायफाय पोहोचत नाही. पण मी कशासाठी होतो? तेजस्विनी मला उचलून धावत निघाली. टोपी आणि हातमोजे घातलेल्या बायका, देठाला धरून उचललेले घड, सगळं मी न अडखळता दाखवलं. पहिला कंटेनर तुमच्या नावाने पाठवा, असं त्या बाई म्हणाल्या आणि पॅकहाउसमध्ये एकच कल्ला झाला.

दुसऱ्या दिवशी महेश आला. "एकाच बोटावर विसंबू नका, आणखी एक नोंदवा," असं त्याने बजावलं. अण्णांनी अंगठा पुढे केला, पण तेजस्विनीने सिंधुबाईंना बोलावलं.

"रोजच्या मालाची नोंद त्याच ठेवतात. त्यांचंच हवं."

"माझं कशाला घेतंय ते?" सिंधुबाई संकोचल्या. "छाटणी, विरळणी करून पार घासल्यात रेषा. कुठंच उमटत नाय."

नवं बोट नोंदवताना पाच वेळांचं बंधन नसतं, पण खरंच, मला काही उमगेना. एकदा, दोनदा, सात वेळा. त्या उठायला लागल्या, पण तेजस्विनीने त्यांचा हात सोडला नाही. "आणखी एकदा ठेवा, मावशी."

मित्रांनो, माझ्यावर पाणी सांडू नका, मला उन्हात ठेवू नका, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझी विनंती निराळी आहे. यंत्राला एखाद्याची ओळख पटली नाही, तर त्या माणसाला माघारी पाठवू नका. आणखी एकदा बोट ठेवा म्हणा. सिंधुबाईंना ओळखायला मला चौदा खेपा लागल्या, आणि त्यात त्यांच्या बोटाची काहीच चूक नव्हती.